तुम्ही विचारलंत म्हणून: एवढं काळं का वाचते?

स्टीव्हन एरिक्सनची ‘मलाझान’ ही कल्पित जगातल्या कादंबऱ्यांची मालिका हातात दिसली की प्रश्न ठरलेला. दहा जाडजूड खंड, एवढी मारकाट, आणि लेखक काही समजावूनही सांगत नाही. कशाला जिवाला त्रास? विचारणारी माणसं माझीच, म्हणून आजवर टाळलं. आता सांगते.

मजा येते म्हणून नाही. पहिला खंड मी रेटून वाचला. कोण कुणाच्या बाजूचं, हेच कितीतरी पानं लागत नव्हतं. मला धरून ठेवलं ते दुसऱ्या खंडाने, ‘डेडहाउस गेट्स’ने (२०००). बंड पेटतं आणि कोल्टेन नावाचा सेनापती हजारो निर्वासितांना घेऊन हिस्सार शहरातून एरन या तटबंदीच्या शहराकडे निघतो. वाटेत तहान, उपासमार, लढाईवर लढाई. बरोबर डुईकर, म्हातारा इतिहासकार. निर्वासित कसेबसे एरनच्या वेशीआड पोचतात. कोल्टेन आणि उरलेसुरले शिपाई मागे लढत राहतात, तटावरून दिसतील इतक्या जवळ. आत ताज्या दमाची फौज उभी, पण वरचा अधिकारी तिला बाहेर पडू देत नाही. तटावरची माणसं नुसती बघतात. कोल्टेनला खांबावर ठोकतात, तेव्हा त्याचे हाल थांबावेत म्हणून तटावरच्या तिरंदाजाला बाण सोडावा लागतो, कोल्टेनवरच.

त्या पानावर मी रडले. आईने घाबरून विचारलं, “कोण गेलं गं?” पुस्तकातला एक जण, म्हटल्यावर ती चिडलीच. “खऱ्या माणसांसाठी रडून संपलं का तुझं?”

ते लागलं. अजून लागतं.

पण पानिपत ऐकत वाढलेल्यांना हे परकं का वाटावं? तिथेही फौजेबरोबर यात्रेकरू होते, बायकामुलं होती, बुणगे होते. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरपल्या, हे आपल्याला पाठ. पुढचा रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही, आणि तिथे आपणही थांबतो. डुईकर त्या खुर्द्याबरोबर चालतो. एक शिपाई बाई त्याच्या जवळची होते. कादंबरी तिचं नाव आपल्याला सांगतच नाही, तरी ती माझ्या डोक्यातून जात नाही. मी वाचते ते यासाठी.

पूर्वी मी तावातावाने म्हणायचे, जगच असं आहे, हेच खरं साहित्य. आता तसं म्हणवत नाही. काळं म्हणजे खरं, असं थोडंच असतं? पुढच्या खंडांतले छळाचे काही प्रसंग मी गाळलेत आणि परतून वाचणारही नाही. कुणी अर्धवट वाचक म्हणालं तर म्हणू दे.

आईला मात्र मी खुर्द्याचं हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मग पानिपतावरच वाच की.” तेही वाचते. पण पानिपताचा शेवट मला आधीच ठाऊक असतो. एरनची वेस उघडेल, असं मला शेवटच्या पानापर्यंत वाटत होतं.