शीटवरचा एक शब्द

चौथ्या वर्षाच्या शोधनिबंधांची ज्युरी, म्हणजे परीक्षकांपुढची तोंडी परीक्षा, आमच्या पुण्यातील महाविद्यालयात दरवर्षी सारखीच पार पडते: मोठ्या शीट छापून देणाऱ्या प्लॉटिंगच्या दुकानाबाहेर पहाटेपर्यंत ताटकळलेली मुले, भिंतीवर टाचण्यांनी लावलेल्या शीट आणि प्रत्येकाच्या वाट्याला वीस मिनिटे. या वर्षीची एक विद्यार्थिनी मात्र, आणि तिला दिलेले गुणही, अजून माझ्या मनातून जात नाहीत.

तिच्या शीटचे शीर्षक होते ‘फराह दीबा : राजवाड्यातली आर्किटेक्ट’. फराह पॅरिसमध्ये वास्तुकला शिकत असताना 1959 मध्ये त्यांचा इराणच्या शाहांशी विवाह झाला आणि शिक्षण अर्धवट राहिले. बहिःस्थ परीक्षकांनी शीर्षक वाचताच विचारले, “हिने बांधले काय?” उत्तराची वाट न पाहता त्यांनी 1972 चा आर्किटेक्ट्स अ‍ॅक्ट पुढे केला, ज्यानुसार नोंदणीवाचून कोणालाही स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही. भारतातला कायदा तेहरानला लावण्याचा त्यांचा उत्साह पाहून मला हसू आले. पण प्रश्न खोटा नव्हता.

मुलगी डगमगली नाही. 1977 मध्ये उघडलेल्या तेहरानच्या समकालीन कला संग्रहालयाचा सेक्शन, म्हणजे इमारत उभी कापल्यावर आतून कशी दिसेल ते चित्र, तिने हाताने काढला होता. हे संग्रहालय फराह यांच्या पुढाकाराने उभे राहिले आणि त्याचा आराखडा त्यांचे चुलतबंधू कामरान दीबा यांचा. दालने उताराच्या वाटेने खाली जमिनीच्या पोटात उतरत जातात, आणि वर वाळवंटी शहरांतील वारा घरात ओढून घेणाऱ्या मनोऱ्यांची आठवण देणारी अर्धकमानी छपरे आहेत, जी वाऱ्याऐवजी उजेड आत घेतात. आमच्या वाड्यांच्या चौकांत उजेड जसा भिंतींवरून घरंगळत येतो, तसा तो तिने पेन्सिलीच्या छटांनी दाखवला होता. कापलेल्या भिंतीची रेघ जाड आणि मागे दिसणाऱ्या भिंतीची बारीक, हे दुसऱ्या वर्षापासून घसा कोरडा होईपर्यंत सांगूनही मुले विसरतात; ती विसरली नव्हती.

“सर, 1976 मध्ये इराणमधल्या रामसर येथे जगभरच्या स्त्री आर्किटेक्ट एकत्र आल्या, तो मेळावा यांच्याच आश्रयाखाली झाला,” ती म्हणाली. अमेरिकेत काम करणाऱ्या आर्किटेक्ट डेनिस स्कॉट ब्राउनही तेथे होत्या, ज्यांच्या पतीला, रॉबर्ट व्हेंचुरी यांना, 1991 मध्ये वास्तुकलेचे मानाचे प्रित्झकर पारितोषिक मिळाले तेव्हा दोघांच्या कामाचा मान एकट्यालाच गेला. परीक्षकांनी मान डोलावली, पण गुणांचा आकडा बदलला नाही.

माझी तक्रार वेगळी होती. या इमारतींचा पैसा तेलाचा होता आणि शाहांची राजवट विरोधकांना तुरुंगात टाकत होती. याला तिने एकच वाक्य दिले होते. त्याचे गुण मी कापले, आणि त्याबद्दल मला जराही शंका नाही.

शंका आहे ती दुसऱ्याच गोष्टीची. आमच्या घरच्या कार्यालयातून महापालिकेत जाणाऱ्या नकाशांवर नोंदणी क्रमांक माझ्या यजमानांचा असतो, कारण क्लायंटला एकच नाव सोपे पडते. गेल्या वर्षीच्या एका बंगल्याचा जिना पूर्ण माझा आहे. पायऱ्यांची उंची मी तीनदा बदलली. वास्तुशांतीला मालकांनी माझी ओळख ‘साहेबांच्या मिसेस’ अशी करून दिली आणि मी पेढा घेऊन गप्प राहिले.

पन्नासपैकी एकतीस गुणांवर बहिःस्थ परीक्षक आणि मी, आम्हा दोघांचे एकमत झाले. शीट काढून गुंडाळताना विद्यार्थिनीने विचारले, “मॅडम, शीर्षकातला ‘आर्किटेक्ट’ शब्द काढून टाकू का?” मी म्हटले, “राहू दे.” नंतर गुणपत्रकात विषयाचा रकाना भरताना मात्र मी ‘फराह दीबा आणि इराणची आधुनिक वास्तुकला’ असे लिहून खाली सही केली.