कितवा म्हयना?

खेड सुटलं आणि माझ्या तोंडात आंबट पाणी भरायला लागलं. उलटीच्या आधी येतं, तेच. माझ्या जागेपासून संडासापर्यंत जेमतेम वीस पावलं असतील, पण त्या वाटेवर गणपतीला गावी निघालेली माणसं दाटीवाटीनं बसली होती. कुणाच्या मांडीवर पोर, कुणाच्या पायांत पिशव्या, एकानं तर पुठ्ठ्याचं मखर दोन्ही हातांनी डोक्यावर धरलेलं. नवरा दोन डबे पुढे. शेजारी सासूबाई. मला नववा आठवडा चालू आहे हे त्या डब्यात फक्त त्यांना ठाऊक होतं.

तीन महिने भरेपर्यंत कुणापाशी बोलायचं नाही, असं आमच्याकडे ठरलं होतं. या रिवाजाला मी नावं ठेवणार नाही. गर्भ पडतो तो बहुतेक वेळा पहिल्या बारा आठवड्यांतच, आणि तसं झालं तर ज्याला त्याला सांगत बसायची वेळ बाईवर येऊ नये, ही त्यामागची माया मला कळते. सासूबाईंचं एक असंच गेलं होतं. हे त्यांनी मला निघायच्या आदल्या रात्री, पिशवीत शेव-चिवडा भरताना सांगितलं, माझ्याकडे न बघता.

पण प्रवासात या गुपिताचं ओझं बाईला एकटीलाच वाहावं लागतं. सातव्या महिन्यातली बाई दिसली की लोक आपणहून उठतात. नवव्या आठवड्यात पोट दिसत नाही, आणि मळमळीनं हैराण व्हायचे बहुतेकींचे दिवस नेमके तेच असतात, आठवा ते दहावा आठवडा. मला तर डब्यातल्या कुणाच्या तरी केसांच्या तेलाचा वाससुद्धा सोसवत नव्हता.

तिकिटं आम्ही साठ दिवस आधी, आरक्षण उघडलं त्याच सकाळी काढली होती. डॉक्टर आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, म्हणजे तिकीट काढलं तेव्हा माझी पाळी चालू होती! गरोदर बाईला खालच्या बर्थसाठी वेगळा कोटा असतो, पण तो तेव्हा मी मागणार तरी कसा? जागा मिळाल्या त्या दोन डब्यांत विखुरलेल्या, माझा मधला बर्थ.

जायचं की नाही यावर घरात दोन दिवस खल झाला. नवऱ्याला भीती खड्ड्यांची, धक्क्यांची. आमच्या डॉक्टर मॅडमनी शांतपणे समजावलं की गाडीच्या धक्क्यांनी गर्भ पडत नाही. पहिल्या तिमाहीत जे पडतात त्यांतल्या बहुतेकांत गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो. सातव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत गर्भ गर्भाशयातच आहे आणि ठोके लागलेत हे दिसलं होतं, अंगावरून रक्त जात नव्हतं, पोटात एका बाजूला कळ नव्हती. यातलं काही वेगळं असतं तर जाऊ दिलं नसतं, म्हणाल्या. मोटारीपेक्षा आगगाडी बरी, कारण उठता येतं, पाय मोकळे करता येतात, संडास असतो. रिपोर्टची प्रत आणि रक्तगट जवळ ठेवायला सांगितलं. माझा ओ निगेटिव्ह. अंगावरून रक्त गेलं तर गट लगेच सांगायचा, कारण निगेटिव्ह गटाच्या बाईला अँटी-डीचं, म्हणजे बाळाच्या रक्ताविरुद्ध तिच्या शरीरात प्रतिपिंडं बनू न देणारं, इंजेक्शन लागू शकतं.

एवढं सगळं नीट ऐकून घेऊन मी चूक केली ती केलीच. संडासाला जायला नको म्हणून पहाटे पाचपासून पाण्याचा घोट घेतला नाही, आणि उलटी होईल म्हणून काही खाल्लं नाही. या दिवसांत रिकाम्या पोटी मळमळ वाढते, दर दोन तासांनी दोन घास कोरडं काही खायचं असतं. लघवी तुंबवली तर जंतुसंसर्गाची भीती. हे सगळं मला माहीत होतं. तरी गर्दी बघून घाबरले.

खिडकीपाशी एक काका बसले होते. पनवेलपासून दोनदा मी त्यांना जागा बदलायची विनंती केली. "पित्त झालंय हो," एवढंच मी म्हणाले. "मग गोळी घ्या ना," काका म्हणाले आणि त्यांनी मान फिरवली. तेव्हा मला त्यांचा भयंकर राग आला होता. आता वाटतं, त्या माणसाला मी खरं कुठे सांगितलं होतं?

तर, खेड सुटलं. मी तोंडावर रुमाल दाबून उभी राहिले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. पायाशी वर्तमानपत्र पसरून बसलेल्या बाईनं माझं मनगट पकडून मला खालीच बसवलं. पन्नाशीच्या पुढची, हिरव्या चुड्याची, राजापूरकडची. माझ्या तोंडाकडे तिनं एकदा निरखून पाहिलं.

"अगो, पोटुशी हायस ना? कितवा म्हयना?"

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

"तिसरा लागलाय," मी म्हणाले. रुमालाआडून, पण म्हणाले.

तिनं पदराची गाठ सोडली. आत चार आमसुलं, काळी, चामड्यासारखी सुरकुतलेली, कडांना मिठाचे खडे चिकटलेले. एक माझ्या जिभेवर ठेवलं. "चावू नको. चोक." गालांच्या आतून कळ निघावी इतकं आंबट, मग खारट, आणि घशाशी आलेलं ते पाणी सावकाश खाली गेलं. अर्धा मिनिट मी डोळे मिटून नुसती ते आमसूल चोखत होते. तिचा हात पाठीवर वरून खाली फिरत होता, बाळाची ढेकर काढतात तसा.

मग ती उठली आणि साऱ्या डब्याला ऐकू जाईल असं ओरडली, "पोटुशी बाई हाय रे, वाट द्या जरा!"

माणसं उठली. खरंच उठली. पिशव्या उचलल्या गेल्या, पोरं कडेवर गेली, मखर वर गेलं. मी वीस पावलं चालत गेले, ती मागून माझी ओढणी सावरत आली, आणि दाराबाहेर पाठ टेकून उभी राहिली. परत आले तर खिडकीतले काका उभे. "आधी सांगायचंत ना हो," एवढंच म्हणाले आणि माझी पाण्याची बाटली खिडकीशी ठेवली.

सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. संगमेश्वर गेल्यावर त्यांनी डब्यातला खाकरा मोडून माझ्या हातात दिला.

उक्षी सुटल्यावर करबुड्याचा बोगदा, साडेसहा किलोमीटरचा. लहानपणी याच बोगद्यात डिझेल इंजिनाचा धूर खिडकीतून आत यायचा आणि आम्ही नाकं दाबायचो. २०२२ मध्ये कोकण रेल्वेच्या मार्गाचं विद्युतीकरण पूर्ण झालं. या वेळी आत आली ती ओल्या कातळाची गार हवा. मी पोटावर हात ठेवून ती छाती भरून घेतली. त्या गाडीतलं तेवढंच मला सुखाचं म्हणून आठवतं.

पावस गावाजवळच्या आमच्या घरी पाच दिवस कसे गेले कळलं नाही. आरत्या दूर ओसरीवरून ऐकल्या, उकडीच्या मोदकांची वाफ सोसवली नाही, दुपारभर झोपले. मळमळीच्या गोळीनं झोप येते, ती येऊ दिली. कुणी रागावलं नाही.

परतीला रत्नागिरीहून गाडी धरली. पुन्हा मधला बर्थ, खिडकीशी कानात इअरफोन घातलेली कॉलेजातली मुलगी. मी तोंड उघडणार, तोच सासूबाईंनी तिच्या खांद्याला हात लावला.

"बाळा, आमच्या सूनबाईला दिवस गेलेत. दहावा आठवडा आहे. खिडकी देशील?"