वडिलांच्या पश्चात उलगडलेली पॉलिसीधारकाची भूमिका

वडील गेल्यानंतर वडोदऱ्यातील दांडिया बाजारच्या आमच्या घरात त्यांच्या कागदपत्रांमध्ये आयुर्विम्याच्या दोन पॉलिसी निघाल्या. पहिली त्यांच्या स्वतःच्या आयुष्यावरची होती आणि आई नॉमिनी होती, त्यामुळे मृत्यूचा दाखला, मूळ बाँड (पॉलिसीचा दस्तऐवज) आणि आईच्या बँक खात्याचा तपशील सादर केल्यावर तिचा दावा विनासायास मंजूर झाला. खरा प्रश्न दुसरीचा होता.

ही पॉलिसी वडिलांनी माझा धाकटा भाऊ शाळेत असताना त्याच्या आयुष्यावर घेतली होती. प्रस्तावक, म्हणजे विम्यासाठी अर्ज करणारा, म्हणून सही वडिलांची, वार्षिक हप्ताही त्यांच्याच खात्यातून जाई. साहजिकच तिचेही पैसे आता मिळतील, असे आई धरून चालली होती. शाखेतील अधिकारी बाईंनी बाँड उघडून अटींमधील एका कलमाखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि आईला गुजरातीतून शांतपणे समजावले की ज्याच्या आयुष्याचा विमा आहे तो मुलगा हयात आहे, म्हणून येथे मृत्युदावा उद्भवतच नाही. त्या कलमानुसार भावाला अठरा वर्षे पूर्ण झाल्यानंतर आलेल्या पॉलिसीच्या वार्षिक तारखेला मालकी आपोआप त्याच्याकडे गेली होती. हप्ते वडील भरत राहिले, पण पॉलिसीधारक कित्येक वर्षांपासून भाऊच होता आणि घरात हे कोणालाही ठाऊक नव्हते.

विमा ज्याच्या आयुष्यावर आहे तो, पॉलिसीचा मालक आणि पैसे स्वीकारणारा नॉमिनी या तीन वेगळ्या भूमिका आहेत, हे मला तेव्हा स्पष्ट झाले. पत्ता बदलणे, पॉलिसीवर कर्ज काढणे, ती सरेंडर करणे म्हणजे मुदतीआधीच बंद करून पैसे घेणे, नॉमिनी नेमणे किंवा बदलणे, हे सारे अधिकार पॉलिसीधारकाचे असतात. आईची सही तेथे चालणार नव्हती. भावाला पुण्याहून बोलावून घ्यावे लागले.

नॉमिनीचा रकाना रिकामा का, याचेही उत्तर मिळाले. 1938 च्या विमा कायद्याच्या कलम 39 प्रमाणे स्वतःच्या आयुष्यावरील पॉलिसी ज्याच्याकडे आहे, त्यालाच नॉमिनी नेमता येतो. वडिलांना तो अधिकार नव्हता. भावाला होता, पण त्याला कोणी सांगितलेच नव्हते. मुलाच्या नावे पॉलिसी घेतलेल्या प्रत्येक कुटुंबाने हा रकाना आजच उघडून पाहावा, असे मला फार कळकळीने वाटते. भावाने पत्नीचे नाव दिले. 2015 च्या दुरुस्तीनंतर आईवडील, पती किंवा पत्नी आणि मुले यांपैकी कोणी नॉमिनी असल्यास ती रक्कम सामान्यतः त्यांच्याच हक्काची ठरते, हा मोठाच आधार आहे.

हप्त्याची तारीख दरम्यान उलटून गेली होती. वार्षिक हप्ता भरायला तारखेनंतर 30 दिवसांची वाढीव मुदत असल्याने पॉलिसी बंद पडली नाही. भावाने तो हप्ता भरला, पुढच्या हप्त्यांसाठी स्वतःच्या बँक खात्याचा आदेश दिला आणि नॉमिनीची नोंद झाल्याची लेखी पोच शाखेतून हातात घेऊनच आम्ही निघालो.