टार्डेबिग: तीस लॉक आणि एक उघडी राहिलेली झडप

इंग्लंडमध्ये कुणी नॅरोबोट, म्हणजे कालव्यांतून फिरायची लांब, अरुंद बोट, घेतली की भेटेल तो त्याला डिझेल, बॅटऱ्या आणि संडासाची टाकी यांच्याबद्दल सांगत बसतो. ते सगळं लागतंच. पण वुस्टर-बर्मिंगहॅम कालव्यावर टार्डेबिगच्या चढावर जे पाहिलं, त्यानंतर माझं मत पक्कं झालंय. नव्या मालकाला सगळ्यात आधी एकच गोष्ट शिकवावी: लॉकमधून, म्हणजे पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेणाऱ्या टाकीतून, बाहेर पडलं की मागे जाऊन पाणी सोडायची प्रत्येक झडप बघायची, हात लावून बघायची, आणि मगच बोटीवर चढायचं.

माझा थोरला भाऊ बर्मिंगहॅमला असतो. त्याने एक जुनी, सत्तावन्न फुटी बोट घेतली आणि ती वुस्टरहून बर्मिंगहॅमला न्यायला मदतीला मला बोलावलं. बोटीची रुंदी सहा फूट दहा इंच. या कालव्यावरचे जवळजवळ सगळे लॉक सात फूट रुंद. दोन्ही बाजू मिळून उरतात दोन इंच, आणि त्या दोन इंचांतून दादा बोट अशी आत घालायचा की भिंतीला रंगही लागत नसे. वहिनी पुढच्या टोकाला, मी काठावर विंडलस घेऊन. विंडलस म्हणजे झडपा उचलायचं काटकोनी लोखंडी हँडल. ते पाण्यात पडलं की गेलं, म्हणून दोन-तीन जवळ ठेवावीत.

वुस्टर ते स्टोक प्रायर हा भाग पाऊस, मेंढ्या आणि आणखी पाऊस असा गेला. राहण्याच्या सोयीबद्दल खरं ते सांगते: बोटीतला पलंग जेमतेम चार फूट रुंद आहे आणि कूस बदलायची तर दोघांनी ठरवून बदलावी लागते. शेगडी मात्र अप्रतिम. कोळशाच्या त्या छोट्या शेगडीने अख्खी बोट उबदार राहते. पण कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म लावल्याशिवाय तिच्याजवळ झोपू नये, आणि थंडी कितीही असली तरी हवा यायच्या खिडक्या बुजवू नयेत. वहिनी रोज रात्री अलार्मचं बटण दाबून बघायच्या आणि मगच दिवा मालवायच्या. मला त्यांचं हे फार आवडलं.

हा कालवा 1815 साली पूर्ण झाला. वुस्टर ते बर्मिंगहॅम साधारण 47 किलोमीटर, आणि वाटेत 58 लॉक. गंमत म्हणजे हे सगळे लॉक टार्डेबिगपर्यंतच संपतात. पुढे बर्मिंगहॅमपर्यंत एकही नाही. त्यांतले शेवटचे तीस एकामागून एक, साधारण साडेतीन किलोमीटरमध्ये, बोटीला 220 फूट वर नेतात. ब्रिटनमध्ये सलग लॉकांची एवढी लांब रांग दुसरी नाही.

लॉक म्हणजे विटांची अरुंद, खोल टाकी. खालच्या बाजूला दोन दारं, वरच्या बाजूला एक. दारांना जाड लाकडी तुळया असतात. त्यांना पाठ लावून, पाय रोवून ढकलायचं. चढताना रिकाम्या लॉकमध्ये बोट घ्यायची, खालची दारं लावायची, खालच्या झडपा बंद आहेत ना ते बघायचं, आणि वरच्या झडपा उघडायच्या, हळूहळू. एकदम उघडल्या तर आत येणारं पाणी बोट पुढे-मागे आपटतं. आतलं आणि वरचं पाणी एका पातळीला आलं की दार आपोआप सैल होतं. त्याआधी चार पैलवान लावले तरी ते हलत नाही, तेव्हा कंबर मोडून घेऊ नये. झडप उचलल्यावर दातेरी चाकाचा अडसर नीट बसला की विंडलस लगेच काढून घ्यायचं. अडसर निसटला तर झडप खाली येते, हँडल गरगर फिरतं आणि मनगट मोडतं. उतरणाऱ्यांसाठी धोका वेगळा आहे. वरच्या दाराखाली पाण्यात दगडी कट्टा असतो, तो कुठवर येतो ते भिंतीवर पांढऱ्या खुणेने दाखवलेलं असतं. बोटीचं मागचं टोक त्या कट्ट्यावर अडकलं आणि पाणी उतरत राहिलं, तर बोट नाकावर कलंडून बुडते. दरवर्षी कुणाची ना कुणाची तरी बुडते, आणि प्रत्येक वेळी ते टाळता आलं असतं.

आता पाण्याचा हिशेब. लॉकची लांबी साधारण बहात्तर फूट, रुंदी सात, चढ सात. म्हणजे एकदा लॉक भरून रिकामा केला की जवळजवळ एक लाख लिटर पाणी वरून खाली जातं. एका बोटीसाठी. म्हणून इथल्या जाणत्या लोकांचा एक अलिखित नियम आहे: तुम्ही चढताय, समोरचा लॉक भरलेला आहे, आणि वरून एखादी बोट येताना दिसतेय, तर थांबा. तिला त्याच पाण्यावर खाली येऊ द्या. ती बाहेर पडेल तेव्हा लॉक तुमच्यासाठी रिकामाच असेल. एका लॉकभर पाण्यात दोन बोटी जातात. घाईने लॉक स्वतःसाठी रिकामा केला, तर एक लाख लिटर फुकट वाहून गेलं.

आम्ही चढाच्या पायथ्याशी असलेल्या स्टोक पाउंडहून सकाळी लवकर निघालो. तिथे पुलाशेजारी मोठा पब आहे आणि दुपारी तिथली गर्दी प्याल्यांसकट लॉकच्या तुळयांवर येऊन बसते. तुळई ढकलायची आहे असं दोनदा सांगावं लागतं. सकाळी मात्र कुणी नव्हतं. पहिले काही लॉक सुरेख लयीत गेले. मी पुढे चालत जाऊन वरचा लॉक तयार ठेवायची, दादा बोट आणायचा, वहिनी मागची दारं लावून झडपा बघायच्या.

आणि मग चढाच्या साधारण मध्यावर एका लॉकपाशी मी पोचले आणि जागीच उभी राहिले. लॉक रिकामा होता, खालच्या दारांजवळची एक झडप अर्धी वर होती. पलीकडे, या लॉकपासून पुढच्या लॉकपर्यंतचा कालव्याचा टप्पा कोरडा पडला होता. काळा, चकाकणारा गाळ, मधोमध पाण्याची बारीकशी धार, एक सायकल, आणि त्या गाळातून बदकं चालत होती. आदल्या संध्याकाळी कुणीतरी खाली उतरून गेलं, झडप पुरती पाडली नाही, वरचं दार जुनं, थोडं गळकं. रात्रभर पाणी गळत राहिलं आणि सकाळपर्यंत टप्पा संपला.

मला संताप आला. आमची शेती इंदापूर तालुक्यात, नीरा डाव्या कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला. आवर्तन सुटलं की वरच्यांची दारं रात्रंदिवस चालू, आणि आमच्या पोटचारीला पाणी येतं ते चिखल कालवून, तेही आलं तर. दादा शाळेत असताना बॅटरी घेऊन रात्री दोनच्या पाळीला जायचा आणि पहाटे कोरड्या पायांनी परत यायचा, ते मला अजून आठवतं. तो बोटीवरून उतरून माझ्या शेजारी आला, त्या गाळाकडे बघितलं, आणि एवढंच म्हणाला, "अगं, टेल आली की."

आम्ही ती झडप पाडली. पण आता करायचं काय? लॉक भरायला पाणी लागतं ते याच टप्प्यातलं, आणि टप्प्यात पाणीच नाही. अशा वेळी वरच्या लॉकच्या दोन्ही बाजूंच्या झडपा उघडून, लॉकमधून सरळ पाणी खाली सोडता येतं. पण नवख्याने ते परस्पर करू नये असं मी इथे निक्षून सांगते. वरचा टप्पाही छोटाच असतो. त्याचं पाणी खाली ओढलं की तो कोरडा, मग त्याच्या वरचा, आणि बघता बघता सगळा चढ अडकतो. दादाने कालव्यांचा कारभार बघणाऱ्या कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टला फोन लावला.

थोड्या वेळाने वरून एक आजोबा आले, निळं जॅकेट, हातात विंडलस. ट्रस्टचे स्वयंसेवक, म्हणजे बिनपगारी. ते येतानाच वाटेतल्या लॉकांच्या झडपा थोड्या थोड्या उघडत आले होते, प्रत्येक टप्प्यातून वीतभर पाणी घेत, कुणाचंच जास्त न घेत. मी विचारलं, "हे कुणी केलं याचा राग नाही येत तुम्हाला?" ते म्हणाले, "रागवून पाणी वर चढत नाही. वरून आणावंच लागतं." आणि मला कामाला लावलं. तू या झडपेपाशी उभी राहा, मी हात केला की दोन फेरे, पुन्हा हात केला की बंद. पाण्याची पातळी बघायची ती दाराच्या लाकडावरच्या ओल्या रेघेवरून, असंही त्यांनीच दाखवलं.

तासाभराहून जास्त वेळ गेला. आमच्या मागे दोन बोटी थांबल्या, वर एक उतरणारी थांबली. कुणी आवाज चढवला नाही. मागच्या बोटीवरच्या बाईंनी सगळ्यांना चहा आणून दिला, वहिनींनी थालीपिठं वाटली. मला हे लोक आवडले, पण त्यांची ही शांतता मला पटली नाही, अजूनही पटत नाही. ज्याने झडप उघडी टाकली तो तेव्हा वुस्टरच्या वाटेवर मजेत असेल, त्याला हे कधी कळणारही नाही. बोट भाड्याने देणाऱ्यांनी आणि विकणाऱ्यांनी लॉक शिकवताना अर्धा तास जास्त द्यावा. इंजिनाचं पुस्तक वाचून कळतं, हे नाही कळत.

गाळ झाकला गेला, बदकं तरंगायला लागली, आणि आम्ही टप्प्याच्या अगदी मधोमध, हळू, पुढे सरकलो. पाणी कमी असताना कडेला जायचंच नाही. खोली मध्यात असते. उरलेले लॉक भराभर झाले, कारण वरची थांबलेली बोट खाली आली आणि प्रत्येक लॉक आमच्यासाठी रिकामा सोडत गेली. सगळ्यात वरचा लॉक बाकीच्यांहून बराच खोल आहे. तिथे आधी बोट उचलणारं यंत्र बसवून पाहिलं होतं, ते मागे पडलं आणि त्याच्या जागी हा आला. त्याच्या वरच्या अंगाला दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लेखक टॉम रोल्ट आपली 'क्रेसी' बोट बांधून राहत. तिथेच दुसरे एक लेखक रॉबर्ट एकमन त्यांना भेटायला आले आणि त्यातून 1946 साली इनलँड वॉटरवेज असोसिएशन उभी राहिली. मोडकळीला आलेले कालवे बुजवू नयेत म्हणून ती भांडली. ती भांडली नसती तर यांतले कितीतरी कालवे आज नसते.

पुढे बोगदे, त्यांतला वास्ट हिल्सचा अडीच किलोमीटरचा, अंधार आणि टपटप पाणी. मग बॉर्नव्हिलचा चॉकलेटचा कारखाना, आणि शेवटी गॅस स्ट्रीट बेसिन. शहराच्या ऐन मध्यात आहे, फार गोंगाट असतो, बोट बांधायला जागा मिळेल अशी आशा शनिवारी करू नये.

दादाचा पुढचा बेत हॅटनचा आहे, ग्रँड युनियन कालव्यावरचे 21 लॉक. ते रुंद आहेत, एका लॉकमध्ये दोन नॅरोबोटी शेजारी शेजारी मावतात. एकटी बोट गेली तरी पाणी मात्र दोघींचं जातं. म्हणून पायथ्याशी थांबायचं, दुसरी बोट येईपर्यंत वाट बघायची आणि जोडीने चढायचं, असं आत्ताच ठरलंय. सकाळ वाया गेली तरी चालेल, असं दादा म्हणाला. वहिनींनी विंडलस आणखी एक आणून ठेवलंय, माझ्यासाठी.