पुठ्ठ्यातली अळी

मागच्या जानेवारीतली गोष्ट. मी शिवडीला लॅबमध्ये बाहेरच्या देशांतून येणाऱ्या फळांचे सॅम्पल कीड आहे का ते बघायला तपासते. त्या दिवशी सफरचंदाचे बॉक्स होते, तीन आठवडे रीफरमध्ये, म्हणजे फ्रीजसारख्या थंड कंटेनरमध्ये, 1 डिग्रीच्या आसपास राहून आलेले. फळं कापून कापून बोटं बधिर झाली, एकातही काही नाही. झालं म्हटलं, तेवढ्यात रिकामे बॉक्स दुमडणारे काका म्हणाले, "ताई, पुठ्ठ्यात काय तरी पांढरं हाय बघा."

पुठ्ठ्याच्या पन्हाळीत, म्हणजे आतल्या नागमोडी थराच्या खोबणीत, रेशमाचा एवढासा कोष, आत गुलाबीसर अळी आकसून बसलेली. "मेलीय ओ, एवढ्या गारठ्यात काय जगतीय." मी ती डिशमध्ये घेऊन टेबलावर ठेवली आणि रजिस्टर लिहायला बसले, बाहेर 30 डिग्री, अर्ध्या तासाने बघते तर डोकं हलवतेय!

कॉडलिंग मॉथचा, म्हणजे जिची अळी सफरचंद आतून पोखरते त्या पतंगाचा, संशय आला आणि पोटात गोळाच आला. काकांना सांगितलं की हिला थंडीचं काही नाही, दिवस लहान व्हायला लागले की पोटभर खाऊन फळातून बाहेर पडते, झाडाच्या सालीखाली कोष विणते आणि वाढच थांबवते, ह्याला डायपॉज म्हणतात, अंगात ट्रेहॅलोज नावाची साखर साठते आणि शरीरातलं पाणी शून्याच्या खूप खाली, पार उणे 20 च्या आसपास गेलं तरी गोठत नाही. गोठलं तर मरते. आणि पन्हाळी पुठ्ठा तिला सालीसारखाच, बागायतदार खोडाला पुठ्ठा गुंडाळूनच तिला पकडतात. शिवाय थंडीचे महिने काढल्याशिवाय तिची झोप नीट मोडतही नाही, म्हणजे आमच्या रीफरने तिला थोडा हिवाळाच पुरवला.

काकांचा भाऊ गावी मका लावतो. "मग मक्यावरची ती लष्करी अळी?" 2018 ला कर्नाटकात सापडलेली ती, तिला डायपॉज नाही, कडक थंडीत मरते, पण आपल्याकडे तशी थंडी पडते कुठे.

आपल्या देशात कॉडलिंग मॉथ लडाखमध्ये आहे, त्यापायी तिथली सफरचंद-जर्दाळू बाहेर पाठवण्यावर वर्षानुवर्षं बंधनं होती. मुंबईत सफरचंदाची झाडं नाहीत, पण इथून बॉक्स कुठे कुठे जातात, एखादा रिकामा बॉक्स हिमाचलच्या बागेत पोचला तर? मला खरंच भीती वाटली.

अळी अल्कोहोलच्या बाटलीत घालून ओळख पटवायला पाठवली, लॉट थांबवला, आणि मग मी आणि काका ब्लेड घेऊन एकेक पुठ्ठा सोलत बसलो. रात्री साडेआठपर्यंत आणखी दोन कोष निघाले.