दमा असताना सारसबाग ते डोणजे, २१ किलोमीटर: कसं जमलं आणि तुम्हाला पळायचं असेल तर

आधी मुद्द्याचं सांगते. मला आठव्या वर्षापासून दमा आहे, आता वय ४३, आणि फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी पुण्यातल्या सारसबागेपासून सिंहगडाच्या पायथ्याजवळच्या डोणज्यापर्यंत २१ किमी पळाले, म्हणजे बरंचसं पळाले आणि थोडं चालले, वेळ लागला ३ तास १४ मिनिटं. आमच्या भागात एक धर्मादाय दवाखाना आहे, तिथे दम्याच्या लहान मुलांना इनहेलर आणि स्पेसर (इनहेलरला लावायची पोकळ नळी, तिच्यातून औषध सावकाश ओढता येतं) देता यावेत म्हणून पैसे गोळा करायचे होते. शाळेत मला पीटीच्या तासाला बाकावर बसवून ठेवायचे, पाच वर्षं मी दुसऱ्यांच्या चपला सांभाळल्या, आणि त्या दवाखान्यात गेल्यावर आजही मुलांच्या आया तेच विचारतात, याला खेळू द्यायचं का हो? ब्रिटिश धावपटू पॉला रॅडक्लिफला शाळेत असल्यापासून दमा आहे आणि तिने २००३ साली लंडनला २ तास १५ मिनिटं २५ सेकंदात मॅरेथॉन मारली, तो बायकांचा जागतिक विक्रम २०१९ पर्यंत टिकला. मी हे त्या आयांना सांगते, पण सिंहगड रोडवर पळालेली बाई समोर उभी असली की जास्त पटतं.

हा माझा दुसरा प्रयत्न. पहिला डिसेंबरात केला होता आणि धायरी फाट्याला, साधारण ८ किमीवर, सोडावा लागला. तेव्हा दोन चुका झाल्या आणि त्या तुम्ही करू नका म्हणून सविस्तर लिहिते.

पहिली चूक म्हणजे मी लोकांकडून किलोमीटरमागे पैसे ठरवून घेतले होते. कुणी किलोमीटरला ५०, कुणी १००. ऐकायला छान वाटतं, पण छाती आवळायला लागली तेव्हा माझ्या डोक्यात हिशोब चालू झाला, इथे थांबले तर एवढ्या स्पेसरचे पैसे बुडतील, आणि त्या हिशोबापायी मी थांबायला हवं होतं त्याच्या पुढे अख्खा दीड किलोमीटर रेटला. शेवटी रिक्षात घालून नेलं मला, नेब्युलायझर (औषधाचे बारीक तुषार मास्कमधून देणारं यंत्र) लावावा लागला. यावेळी सगळ्यांना सांगितलं की एकच ठरावीक रक्कम द्या, आणि ती मी पळायच्या आधीच द्या, मी एक किलोमीटर पळाले काय आणि एकवीस पळाले काय मुलांचे पैसे तेवढेच. श्वासाचा त्रास असलेल्या माणसाने याच पद्धतीने पैसे जमवावेत असं माझं ठाम मत आहे. पैसे थेट दवाखान्याच्या खात्यात, माझ्याकडे एक रुपया नाही. ज्यांना ८०जीची (देणगीवरच्या आयकर सवलतीची) पावती हवी त्यांना आधीच सांगा की २००० रुपयांच्या वर रोख दिलेलं त्यात धरत नाहीत आणि नवीन करप्रणालीत ती सवलत मिळतच नाही, नाहीतर मार्चमध्ये सगळे तुम्हालाच फोन करतात.

दुसरी चूक डिसेंबर. पुण्यात थंडीत पहाटेची हवा गार म्हणून शुद्ध असेल असं वाटतं पण तसं नसतं, जमिनीलगतची हवा थंड आणि वर गरम असं झालं की धूर वर जातच नाही, शेकोट्यांचा, कचरा जाळलेल्याचा, गाड्यांचा, सगळा नाकाच्या उंचीवर बसून राहतो. त्यात गार कोरडी हवा तोंडाने ओढली की श्वासनलिका कोरड्या पडून आकसतात. फेब्रुवारीअखेर बरं पडलं. पावसाळ्यानंतर हवा धुतलेली असते पण तेव्हा रस्त्याच्या कडेने गाजरगवत फुललेलं असतं, ज्यांना त्याची ॲलर्जी आहे त्यांनी तो काळ टाळा.

आता त्या दिवशीचं. सव्वाचारला उठले, पीक फ्लो मीटर (श्वास किती जोरात बाहेर पडतो ते मोजायचं साधन) फुंकला, ३८०. माझा सगळ्यात चांगला आकडा ४००, त्याच्या ८० टक्के म्हणजे ३२०, त्याच्या खाली आकडा असता तर निघायचंच नाही असं आधीच ठरलं होतं. रोजचा स्टेरॉइडचा इनहेलर घेतला, चुळा भरल्या (हे विसरू नका, नाहीतर तोंड येतं), आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे निघायच्या १५ मिनिटं आधी साल्ब्युटामॉलचे (श्वासनलिका लगेच मोकळ्या करणारं औषध) दोन पफ स्पेसरमधून. त्याने हात थोडे थरथरतात आणि घड्याळात नाडी नेहमीपेक्षा जास्त दिसते, घाबरू नका, पण त्या दिवशी वेग नाडीवरून ठरवू नका. मग सारसबागेच्या बाहेर चांगलं पंधरा मिनिटं वॉर्मअप, त्यात मधेमधे छोट्या छोट्या जोरात धावा. नीट वॉर्मअप झाला की बऱ्याच जणांची छाती पुढचा तासदोन तास कमी कुरकुरते, मला तर हा फरक स्पष्ट जाणवतो.

बरोबर पाच वाजता निघालो. निघालो म्हणजे मी पळत आणि माझी नणंद स्कूटरवर, तिच्या डिकीत दुसरा इनहेलर, स्पेसर, पाणी, मीटर. दुसरा इनहेलर बरेच दिवस वापरला नसेल तर आदल्या दिवशी हलवून दोनचार पफ हवेत मारून बघा, ऐनवेळी नुसतीच हवा यायला नको. आमची खूण अशी होती की दर दोन किलोमीटरला ती थांबणार आणि काहीतरी विचारणार, काल आमटीला काय फोडणी दिलीस वगैरे, आणि मला एका दमात अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे. मधे श्वास घ्यावा लागला की चालायचं. घड्याळापेक्षा ही परीक्षा खरी.

दांडेकर पूल, राजाराम पूल, विठ्ठलवाडी, माणिकबाग, सगळं मस्त गेलं, रस्ता रिकामा, तोंडावर पातळ रुमाल बांधला होता त्याने आत जाणारी हवा थोडी ऊबदार होते. वडगावनंतर ट्रक सुरू होतात. धायरी फाटा ओलांडला तेव्हा डोळ्यात पाणी आलं, मागच्या वेळची रिक्षा तिथेच थांबली होती.

आणि नांदेड फाट्याच्या जरा पुढे कुणीतरी कडेला कचरा पेटवलेला, प्लास्टिकचा वास, मी त्या धुरातून दहापंधरा पावलंच गेले असेन. दोन मिनिटांत छातीत शिट्टी वाजायला लागली. नणंदेने विचारलं आज जेवायला काय करूया आणि मला "पिठलं" एवढंच बोलता आलं. थांबले. स्कूटरवरून धुरापासून लांब, किरकटवाडी फाट्याच्या बाजूला गेलो, मीटर फुंकला तर २९०. ताठ बसून दोन पफ, प्रत्येक पफनंतर स्पेसरमधून सावकाश श्वास. झोपू नका आणि भसाभसा पाणी पिऊ नका. वीस मिनिटांनी ३६०. तरीही नणंद म्हणाली, "वहिनी, पैसे आधीच जमा झालेत, घरी गेलो तरी चालतंय." हे वाक्य मला फार मोलाचं वाटलं. दहा मिनिटं नुसतं चालून बघितलं, शिट्टी परत आली नाही, मगच हळू पळायला लागले. आकडा २०० च्या खाली गेला असता, किंवा पफ घेऊनही बोलता येत नसतं, तर थेट दवाखाना, तिथे विचार करत बसायचं नाही. स्कूटरवरचं ते अंतर मी डोणज्यात शेवटी पुढेमागे पळून भरून काढलं.

खडकवासला धरणाजवळ, साधारण १६ किमीवर, पोचले तेव्हा उजाडलेलं होतं आणि पाण्यावरून वारा येत होता. फार सुंदर जागा आहे ही पळायला, पण चौपाटी लवकर ओलांडा, कणसांच्या शेगड्या पेटल्या की त्या रस्त्यावर कोळशाचा धूर लांबपर्यंत असतो आणि रविवारी सिंहगडाच्या गाड्यांची रांगही तेव्हाच लागते. म्हणूनच पाचला निघायचं, साडेसहाला नाही. आणि दिशा हीच ठेवा, शहराकडून डोणज्याकडे, म्हणजे दमल्यावरचा शेवटचा तास बऱ्या हवेत जातो. गोऱ्ह्याच्या पुढे चढउतार आहेत, ते मी सगळे चालत केले.

८ वाजून १४ मिनिटांनी डोणजे. पिठलं भाकरी खाल्ली. एकूण ४६,५०० रुपये जमले. दवाखान्यातले डॉक्टर अर्ध्या लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीला भोक पाडून पण स्पेसर करून देतात, तो नीट चालतो, त्यामुळे विकतचे फक्त मास्क लागणाऱ्या अगदी लहान मुलांसाठी घेतले आणि उरलेल्याचे इनहेलर.

परत यायला ५० नंबरची बस आहे, शनिवारवाड्यापर्यंत येते. पळून घामेजलेले असाल तर कोरडा शर्ट आणि शाल बरोबर ठेवा, खिडकीचा गार वारा छातीला लागतो. आणि घरी आल्यावर संध्याकाळी परत एकदा मीटर फुंका, माझा तेव्हा ३७० होता.