श्रीवर्धनला जा, पण शनिवारी सकाळी ताम्हिणीतून नको

मोबाइलचा नकाशा पुणे ते श्रीवर्धन साडेचार तास दाखवतो. जुलैतल्या शनिवारी ही शुद्ध थाप आहे. आम्ही सातला चांदणी चौक सोडला आणि समुद्र दिसला तेव्हा साडेतीन वाजून गेले होते.

पौडपर्यंत ठीक. मुळशी धरण मागे पडलं की तमाशा सुरू. धबधबा दिसला रे दिसला की लोक गाडी रस्त्यातच लावतात, दारं उघडी टाकून गाणी वाजवतात आणि कणसं खात उभे राहतात. समोरून एसटी आली की दोन्ही बाजू ठप्प. धुकं असं की पुढच्या गाडीचे दिवे दिसेनात, त्यातही ओव्हरटेक करणारे महाभाग होतेच. ‘पावसात ताम्हिणी म्हणजे स्वर्ग’ म्हणणारे बहुधा बुधवारी गेले असावेत.

घाट उतरला म्हणून हुश्श करू नका. विळे ते निजामपूर खड्डे पाण्याने भरलेले, खोलीचा अंदाज येत नाही आणि एमआयडीसीचे ट्रेलर काचेवर चिखल मारून जातात. बुटकी गाडी असेल तर नेऊच नका. पुढे माणगावच्या बाजारात आणखी पाऊण तास. त्यापुढचा मोर्बा, साई, म्हसळा रस्ता छान आहे, पण तोवर कौतुक करायची ताकद उरत नाही.

पहाटे साडेचारला निघा, सातच्या आत घाट उतरा. दरड पडली की घाट बंद करतात, म्हणून आदल्या रात्री चौकशी करा. परतताना आम्ही कोलाड, वाकण, पाली, खोपोली असे आलो. लांब पडतं, पण चाकं फिरत राहतात.

आता जेवण. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. तरी ‘ताजी सुरमई’ म्हणून एका खानावळीने बर्फातला चोथा वाढला आणि थाळीचे साडेसहाशे घेतले. दर फळ्यावर नव्हता, बिलावरच कळला. या दिवसांत खाडीचं बोईट, तिसऱ्या, चिंबोऱ्या मागा आणि भाव आधी ठरवा. नाहीतर सरळ घरगुती शाकाहारी जेवण सांगा, मोदक झकास मिळतात.

फोटोंतल्या गर्द सुपारीच्या वाड्या शोधू नका. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळाने त्या आडव्या केल्या, नवी झाडं अजून उंची धरताहेत.

हरिहरेश्वरला देवळामागची प्रदक्षिणा पावसाळ्यात करू नका. खडक शेवाळलेले असतात, लाट पाठीमागून येते. दर्शन घ्या आणि फिरा माघारी. बागमांडला-वेशवी फेरीबोटीने पलीकडे जायचं असेल तर आधी फोन करून ती सुरू आहे का ते विचारा.

रविवार मजेत गेला. किनारा रिकामा, पाऊस, झोप. वीज मात्र रात्रभर नव्हती, तेव्हा खोली घेताना इन्व्हर्टर पंख्यालाही चालतो का, हे आधी विचारा.